साहेब, तो राग आमच्या वाट्याचा नव्हता

प्रति,
मा. उपवनसंरक्षक, सहायक वनसंरक्षक व वनपरिक्षेत्र अधिकारी,
चंद्रपूर आणि गडचिरोली वनवृत्त.

विषय : वरिष्ठांच्या वागणुकीबाबत.
संदर्भ : आपण चारचौघांत वेळोवेळी केलेली आमची कानउघाडणी.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की... हे वाक्य नोकरीभर इतके लिहिले की हात आपोआप तिकडे वळतो. आता निवृत्त आहे. मेमो येण्याची भीती नाही, म्हणून साध्या भाषेत लिहितो. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून बाहेर पडलो. दोन्ही जिल्ह्यांत बीट सांभाळले, राऊंड सांभाळले आणि साहेब पुष्कळ पाहिले. काहींच्या निरोपाला वनमजूर रडले. काहींच्या बदलीचा आदेश आला त्या रात्री क्वार्टरमध्ये कोंबडी शिजली. हे पत्र कोंबडीवाल्या साहेबांना आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

कडक साहेबाबद्दल आमची तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो आम्हाला हवाच असतो. रोपवनातली जगलेली रोपे स्वतः मोजणारा, मस्टरवर खोटे नाव दिसले की तिथेच रेघ मारणारा, वणवा अडवणारी जाळरेषा साफ झाली म्हणून सांगितले तर मार्चच्या उन्हात ती पायी चालून बघणारा साहेब आला की कामचुकारांची झोप उडते आणि उरलेल्यांना बरे वाटते. असे एक साहेब मला गडचिरोलीकडे मिळाले. चूक झाली की ते दार लावून घेत. आत काय बोलायचे ते बोलत, आवाज बाहेर येत नसे. मग दार उघडून चहा सांगत. लोकांसमोर मात्र ‘हा माझा वनपाल आहे, याच्याशी बोला’ एवढेच. त्यांच्या हाताखाली आम्ही जेवढे राबलो तेवढे कोणाच्या शिव्या खाऊन राबलो नाही.

तक्रार दुसऱ्या प्रकाराची आहे. वनमजुरांसमोर एकेरीवर येणे, वायरलेसवर सगळ्या रेंजला ऐकू जाईल असे झापणे, आजारपणाच्या रजेवर ‘नाटके बंद कर’ म्हणणे, पगारबिल अडवून ठेवणे, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री अकराला ‘लोकेशन टाक’ म्हणून फर्मान सोडणे. आणि गोपनीय अहवालाची तलवार तर कायमच डोक्यावर. माणूस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातो आणि घरी जाऊन बायकोवर ओरडतो.

हे का होते, याचा मी बराच विचार केला. ‘साहेबाचा स्वभावच तसा’ हे आमच्यातले नेहमीचे उत्तर मला पटत नाही. नवा नवा असताना वनमजुराच्या डब्यातली भाकर मागून खाणारा अधिकारी एखाद्या रेंजवर दोन पावसाळे काढून खेकसू लागलेला मी पाहिला आहे. आणि इथे ज्याच्या सावलीला कोणी उभे राहत नव्हते, तो दुसरीकडे बदलून गेल्यावर माणसात आल्याचेही ऐकले आहे. म्हणजे स्वभावापलीकडे काहीतरी आहे. ते खुर्चीत आहे आणि या मुलखातही आहे.

तुमच्यावर वरून काय ओझे येते ते आम्ही बघतो. २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले, आणि त्यात सर्वाधिक आमच्या चंद्रपुरात. मुंबईत त्याचा आनंद झाला. इथे मात्र सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल या पट्ट्यात धानाच्या बांधाला लागूनच जंगल सुरू होते, आणि वाघाला ताडोब्याची हद्द वाचता येत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या संध्याकाळी तिथल्या अधिकाऱ्यांचे फोन किती वाजले असतील याची कल्पना या खात्यात राहिलेल्या कोणालाही करता येईल.

अशा एका प्रसंगाला मी स्वतः उभा होतो. वर्ष, गाव सांगत नाही, साहेबांचे नावही नाही. सरपणाला गेलेला म्हातारा दुपारी सापडला. गाव जमले. ‘प्रेत उचलू देणार नाही, आधी वाघाला गोळी घाला.’ जीपच्या चाकातली हवा कोणी तरी काढून टाकली. साहेबांच्या एका कानाला फोन. त्यावर आधी डीएफओ, मग त्यांच्याही वरचे सीसीएफ, मग पुढारी, मग पत्रकार. दुसऱ्या कानात गावाच्या शिव्या. एकाने त्यांची कॉलर धरली तेव्हा मीच मधे पडलो. दिवस बुडेपर्यंत साहेब फोनवर ‘होय सर’ आणि लोकांना ‘शांत व्हा’ एवढेच बोलत होते. मग त्यांची नजर बीटच्या वनरक्षकावर गेली. पोरगा सकाळपासून अन्नपाण्याविना होता, आपला दुपट्टा त्याने प्रेतावर घातला होता आणि प्रेताला पाठ करून झुडपांकडे बघत काठी घेऊन उभा होता, कारण वाघ जवळच असणार हे त्या गर्दीत फक्त त्याच्या लक्षात होते. साहेब त्याच्यावर ओरडले, ‘तू काय झोपा काढत होतास का रे? तुला उद्याच्या उद्या सस्पेंड करतो!’

गर्दी क्षणभर गप्प झाली. तिला काहीतरी मिळाले होते.

वड्याचे तेल वांग्यावर निघाले, एवढ्यावर हे संपत नाही. गावकऱ्याला दुसऱ्या दिवशी पंचनाम्याची कागदपत्रे लागतात, वारसाचे दाखले लागतात, सरकारकडून मिळणाऱ्या २५ लाखांच्या मदतीसाठी कोणत्या टेबलावर जायचे ते विचारायचे असते. हे सगळे करणारा तोच वनरक्षक. पुढच्या आठवड्यात तो ‘या बाजूला जाऊ नका, पगमार्क आहेत’ म्हणून सांगायला गेला, तर पानठेल्यावरचा एक पोरगा म्हणाला, ‘आधी तुझ्या साहेबाला विचारून ये.’ साहेब रात्री शासकीय गाडीने गेले. बीट तिथेच राहिले.

साहेब, त्या दिवशी तुमच्या जागी मी असतो तर माझाही तोल गेला असता. पण गेलेला तोल दुसऱ्या दिवशी सावरता येतो. त्या पोराला बोलावून दोन शब्द बोलता आले असते, गावात त्याच्यासोबत एक फेरी मारता आली असती. ते झाले नाही. उलट दुसऱ्या दिवशी ‘कारणे दाखवा’ नोटीस निघाली, कारण चारचौघांत दिलेली धमकी पुरी केली नाही तर वचक जातो असे तुम्हाला कोणीतरी शिकवले आहे.

आता गडचिरोलीचे. २६ ऑगस्ट १९८२ ला हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि पुढे राज्याच्या नोकरशाहीत त्याचे नाव धमकीसारखे वापरले जाऊ लागले. ‘गडचिरोलीला टाकीन’ हे मुंबई-पुण्याच्या कार्यालयातले नेहमीचे वाक्य. नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आहे, प्रोत्साहन भत्ता आहे, तरी इथे येणारा अधिकारी बहुधा कपाळाला आठ्या घालूनच येतो. कोणाशी तरी वाजले म्हणून, कोणाचे तरी ऐकले नाही म्हणून त्याला पाठवलेले असते. घर नागपुरात, मुलांची शाळा नागपुरात, मन नागपुरात. शुक्रवार दुपारपासून गाडीचे तोंड तिकडे. सोमवारी परतल्यावर जो समोर सापडेल त्याच्यावर खार.

यात त्याची चूक किती आणि त्याला पाठवणाऱ्यांची किती, हे मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला जास्त माप टाकीन. चिडलेला माणूस मुद्दाम निवडून सगळ्यांत अवघड जंगलात आणि सगळ्यांत गरीब कर्मचाऱ्यांवर आणून बसवायचा, ही कसली प्रशासनाची रीत? आणि आमचाही विचार करा. आमची पोरे इथे जन्मली, शेती इथे, देव इथे. तुमची शिक्षा म्हणजे आमचे गाव. कोणी रोज आपल्या दारात उभे राहून ‘कुठे येऊन पडलो’ म्हणत असेल तर घरच्यांना काय वाटेल?

तिसरे कारण बोलायला जरा नाजूक आहे. साहेबांना काही वेळा ठाऊक नसते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. वाघ-बिबट्यात आयुष्य गेलेल्या खात्यापुढे एकदम हत्ती. धान तुडवले, मोहफुलाच्या वासाने घरे फोडली, पुढे माणसेही दगावली. कळप कसा वळवायचा, मशाली लावायच्या की नाही, गाव हलवायचे की नाही, सुरुवातीला कोणालाच काही उमजत नव्हते. वनरक्षकाला नव्हते, तसे साहेबांनाही नव्हते. फरक एवढाच की वनरक्षक ‘माहीत नाही’ म्हणू शकत होता. साहेबांनी आवाज चढवला.

अमेरिकेतल्या नॅथनेल फास्ट आणि सेरेना चेन या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये नेमके हेच मांडले. हातात सत्ता आहे पण आपण त्या जागेला पुरे पडत नाही अशी मनात धाकधूक आहे, अशी माणसे इतरांवर जास्त तुटून पडतात. नुसती सत्ता माणसाला तिखट करत नाही, नुसता कमीपणाही नाही, दोन्ही एकत्र आले की भडका. त्याच माणसांना स्वतःबद्दल बरे वाटेल असे काही घडले की त्यांचा आक्रमकपणा ओसरला, असेही त्यांना दिसले. आमच्या कार्यालयांतल्या बाबूंनी हा शोध फार पूर्वीच लावला आहे, फक्त छापला नाही. आधी साहेबांच्या दौऱ्याची तारीफ, मग सहीसाठी फाईल. पण वनरक्षकाला ती कला साधत नाही. तो जंगलातून येतो, घामाघूम असतो, आणि ‘साहेब, कळप पूर्वेला नाही, नदीकडे गेला’ असे खरे ते बोलून बसतो.

वर्दीचा इतिहासही आहेच. १८६४ मध्ये इंग्रजांनी वनखाते काढले, १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव केले, तेव्हाच्या साहेबाचा हुकूम आणि खालच्याची सलामी ही घडी अजून मोडलेली नाही. त्यावर अधिक लिहीत नाही. ब्रिटिश जाऊन इतकी वर्षे झाल्यावर सगळे त्यांच्या माथी मारणे ही आपली सोयीची सवय आहे.

या सगळ्याने आमचे मन दुखते एवढीच गोष्ट असती तर मी पत्र लिहिले नसते. मनाचे आम्ही बघून घेतो. पण रागीट साहेबाच्या रेंजमध्ये खबर वर चढत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे का? शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेला चिकटून वाघ मरतो, आणि पहिल्यांदा कळते ते बीटच्या माणसाला किंवा त्याच्या वनमजुराला. त्या क्षणी त्याच्यापुढे दोन वाटा असतात. ताबडतोब फोन करायचा आणि ‘तुझ्या बीटमध्ये झालेच कसे’ हे ऐकायचे, किंवा एक दिवस कोंबडे झाकून ठेवायचे. साग तोडल्याचे ताजे थुट दिसते, तेव्हाही तेच. भला साहेब असेल तर गुन्ह्याची नोंद, म्हणजे पीओआर, त्याच दिवशी फाटते. नाहीतर थुटावर पालापाचोळा पडतो.

एमी एडमंडसन या बाईंनी नव्वदीच्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत औषधे देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. त्यांना वाटले होते, चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी सापडतील. कागदावर त्या जास्त निघाल्या. कारण तिथल्या नर्सेस चुका सांगत होत्या, बाकीच्या दडपत होत्या. तुमच्या मासिक अहवालात ज्या रेंजमध्ये ‘निरंक’ जास्त दिसते, तिकडे एकदा वेगळ्या नजरेने बघा.

आणि जीवाची गोष्ट. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यातल्या कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीने ठार केले. सोबत तीन वनमजूर होते. वाटेवर वाघीण दिसली, ते थांबले, बराच वेळ वाट पाहिली, मग वळसा घालून पुढे निघाले. त्या प्रसंगी कोणाच्या धाकाने काही घडले असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला काही आधारही नाही. मी त्यांचे नाव घेतो ते एवढ्यासाठी की पायी गस्तीत असा क्षण प्रत्येकाच्या वाट्याला येतो. परतायचे की पुढे जायचे हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठरवायचे असते. मोबाइलमधले गस्त नोंदवणारे एम-स्ट्राइप्स अ‍ॅप तेव्हा चालू असते, किती किलोमीटर झाले ते नोंदत असते, आणि संध्याकाळी तो आकडा साहेबांच्या पडद्यावर जाणार असतो. ‘वाघ दिसला म्हणून परतलो’ हे कारण ज्या साहेबाला चालते, त्याची माणसे परततात. ज्याला चालत नाही, त्याची माणसे वाघापेक्षा त्याचा विचार जास्त करतात. हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

दीपाली चव्हाण यांचे नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. मेळघाट आमच्या जिल्ह्यांत नाही, पण खाते तेच. हरिसालच्या या तरुण वनपरिक्षेत्र अधिकारी बाईंनी २५ मार्च २०२१ रोजी स्वतःचे जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांवर आरोप होते. हाताखालच्यांसमोर, मजुरांसमोर अपमान, गरोदरपणात जंगलात पायी फिरवणे, पगार अडवणे. एका उपवनसंरक्षकांना अटक झाली, निलंबन झाले, त्यांच्या वरच्यांवरही कारवाई झाली. दोष कोणाचा आणि किती हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यात मी पडत नाही. पण दीपालीताई स्वतः अधिकारी होत्या, गावठी दादांना पुरून उरणाऱ्या म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांनी वरच्या साहेबांकडे गाऱ्हाणे नेले होते, असेही त्या पत्रात होते. एका रेंजरची ही गत, तर पंचविशीतल्या वनरक्षक मुलीने कुठे जायचे? तक्रार ज्या शिडीने वर जाते त्याच शिडीच्या मधल्या पायरीवर तो साहेब बसलेला असतो. दाद ना फिर्याद.

आणि गंमत बघा. हेच खाते गावकऱ्यांपुढे बसायला शिकले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबते, हे सर्वांना ठाऊक. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेले. आधी खात्याने बरीच खळखळ केली, ती मी आतून पाहिली. पण आज साहेब लोक ग्रामसभेत जमिनीवर मांडी घालतात, ‘तुमचे काय म्हणणे’ विचारतात, गोंडीत दोन शब्द बोलायचा प्रयत्न करतात. कायद्याने लागले म्हणून का होईना, जमले. मग आपल्याच वनरक्षकाला ‘तुझे काय म्हणणे’ विचारायला कोणता कायदा यायला हवा?

मागणी फार नाही. झापायचे तर दाराआड झापा, गावासमोर आणि मजुरांसमोर नको. जोखमीचा हुकूम तोंडी देऊ नका, लेखी द्या. ‘मी असे म्हटलेच नव्हते’ हे ऐकून आमच्यातले बरेच निलंबित झाले आहेत. गरोदर बाई, बाळंतीण, आजारी माणूस यांना पायी गस्त लावू नका, आणि त्यासाठी त्यांना तुमच्या टेबलासमोर गयावया करायला लावू नका. रात्री अकरानंतर वणवा, शिकार आणि हल्ला यांखेरीज फोन नको. पगारबिल कोणत्याही रागापोटी अडवू नका; क्वार्टरच्या मागे भाजी लावून महिना काढणाऱ्या माणसाचा पगार अडवण्यात कसली मर्दुमकी?

नागपूरच्या वनभवनात बसणाऱ्यांनाही दोन गोष्टी. गडचिरोलीत शिक्षा म्हणून कोणाला पाठवू नका. ज्याला यायचे आहे असा माणूस शोधा, तो असतो, दोन-तीन मला माहीत आहेत. आणि वनरक्षकाची तक्रार ऐकायला असा कोणीतरी नेमा जो त्याचा गोपनीय अहवाल लिहीत नाही आणि लिहिणाऱ्याच्या हाताखालीही नाही. चंद्रपूरच्या वन अकादमीत नव्या अधिकाऱ्यांना कायदे, नकाशे, वन्यजीव सगळे शिकवता. त्यात एक दिवस असाही ठेवा की जुना वनमजूर बोलेल आणि अधिकारी ऐकतील, मधे न बोलता.

शेवटची मागणी किरकोळ आहे. तुमच्या मासिक सभेत वनपालांना मागे खुर्ची असते, वनरक्षक भिंतीला टेकून उभे राहतात. आदल्या रात्रीच्या गस्तीवरून थेट आलेलेही. पुढच्या सभेपासून त्यांच्यासाठी खुर्च्या मांडायला सांगा. कार्यालयात नसतील तर मंडपवाल्याकडून मागवा, त्याचे बिल मंजूर व्हायला अडचण येऊ नये.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वनपाल
मूल, जि. चंद्रपूर